गवयाला मानपत्र, ध्वनिमुद्रिकेला काय?

२८ जानेवारी २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये साठावे ग्रॅमी पुरस्कार दिले गेले. पुरस्कार मिळवणाऱ्यांत 'व्हॉयेजर गोल्डन रेकॉर्ड'च्या चाळिसाव्या वर्षानिमित्त निघालेला एलपींचा संच होता. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवर बसवून सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अवकाशात धाडली, तिच्यातलं संगीत या संचातून सर्वसामान्य श्रोत्यांच्या हाती आलं. बाख, बीथोव्हेन, स्ट्राविन्स्की यांच्या पंगतीत तिथे गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर आहेत. 'जात कहाँ हो', राग भैरवी, वेळ साडेतीन मिनिटं. पुरस्कार मात्र होता विशेष आवृत्तीच्या वेष्टनाचा आणि मांडणीचा. पुतळे कला-दिग्दर्शकांना मिळाले.

त्यांचं काम देखणं आहे आणि त्यांचा सन्मान योग्यच झाला. तरीही ही नोंद वाचल्यापासून एक प्रश्न मनातून जात नाही. केसरबाईंना १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं. गायिका म्हणून त्यांच्या वाट्याला मान आला. पण त्या साडेतीन मिनिटांच्या भैरवीला काय मिळालं? व्हॉयेजरसाठी तिची शिफारस रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने केली. पुढे ती तबकडी अमेरिकेत मिळेना. शोधता शोधता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, एका टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. माणसाने अवकाशात पाठवण्यासाठी निवडलेलं गाणं पृथ्वीवर अशा अवस्थेत होतं. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई वारल्या. दुसरं यान त्याच्या अकराच दिवस आधी उडालं होतं.

गेली काही वर्षं दरवर्षी ग्रॅमीच्या सुमारास आपल्याकडे बातम्या येतात. कोण्या भारतीय कलाकाराला नामांकन मिळालं, कोणाला पुतळा मिळाला. आनंद होतोच. पण त्या बातम्यांत अल्बमचं नाव एका ओळीत उरकलेलं असतं. त्यात राग कोणता वाजवला, साथीला कोण, ध्वनिमुद्रण कोणी केलं, ऐकायला ते कसं लागतं, यावर अक्षर नसतं. ध्वनिमुद्रिका ही स्वतंत्र कलाकृती आहे, मैफिलीची छायाप्रत नाही, आणि तिचं मूल्यमापन तिच्या गुणांवर व्हायला हवं, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे. त्यासाठी आधी पाहू की पुरस्कार देणाऱ्या जगाने आपल्या रागसंगीताला आजवर कुठे बसवलं.

सुरुवात विलक्षण झाली होती. २९ फेब्रुवारी १९६८ च्या दहाव्या ग्रॅमी सोहळ्यात यहुदी मेन्युहिन आणि पंडित रविशंकर यांच्या 'वेस्ट मीट्स ईस्ट' या एलपीला पुरस्कार मिळाला, तो चेंबर म्युझिकच्या सर्वोत्तम सादरीकरणाचा. हा विभाग पाश्चात्त्य अभिजात संगीताचा. म्हणजे रविशंकरांच्या सतारीला, अल्लारखाँसाहेबांच्या तबल्याला त्या रांगेत जागा मिळाली होती जिथे तोवर चौकड्या आणि त्रिकूटं बसत. या एलपीत रविशंकर मेन्युहिनसाठी रचलेली तिलंगवर आधारित 'स्वर-काकली' त्यांच्याबरोबर वाजवतात, स्वतंत्रपणे पुरिया कल्याण मांडतात, आणि त्याच तबकडीवर मेन्युहिन आणि त्यांची बहीण हेफ्झिबा यांनी रुमानियन संगीतकार एनेस्कूचा व्हायोलिन सोनाटा वाजवला आहे. मेन्युहिनच्या हातून रागाचं चलन काही ठिकाणी अवघडून येतं, कानाला ते जाणवतं. पण पुरिया कल्याण ऐकावा. एलपीच्या तुटपुंज्या वेळात रविशंकर कोमल ऋषभाला जी जागा देतात, तिच्यासाठी मी हा पुरस्कार आजही योग्य मानतो.

पुढे काय झालं? १९९२ मध्ये ग्रॅमीत 'वर्ल्ड म्युझिक' असा वेगळा विभाग निघाला. पहिल्याच वर्षी त्याचा पुरस्कार 'प्लॅनेट ड्रम'ला मिळाला. मिकी हार्टच्या त्या अल्बममध्ये झाकिर हुसेन आणि घटमवादक विक्कू विनायकराम होते. त्या विभागाचे कधी दोन भाग झाले, पुन्हा एक झाला, २०२० मध्ये नाव बदलून 'ग्लोबल' झालं. अमेरिका आणि युरोपच्या मुख्य प्रवाहाबाहेरच्या जगातलं बहुतेक संगीत या एका दालनात येतं. २०२४ ची नामांकनं पाहा. पेरूच्या सुसाना बाका, बोकांते हा वाद्यवृंद, नायजेरियाचे बर्ना बॉय आणि डाविडो हे लोकप्रिय गायक, आणि झाकिर हुसेन यांचा 'शक्ती' हा गट. यांची तुलना कोणत्या निकषावर करायची? आफ्रोबीट्सचा नाचता ठेका आणि त्यागराजांची कृती एकाच तराजूत तोलताना मतदार काय ऐकत असेल? त्याच्यापुढे त्या विभागात बसवलेले अल्बम असतात, आणि प्रत्येक परंपरेचं व्याकरण त्याला ठाऊक असण्याची शक्यता नसते. त्याचा दोष नाही. दोष रचनेचा आहे. १९६८ मध्ये जी जागा मिळाली होती, तिच्यापेक्षा ही जागा मला लहान वाटते.

तरी या दालनातून दोन-तीन फार चांगल्या गोष्टी घडल्या, त्यांच्याजवळ थोडं थांबावंसं वाटतं.

१९९४ मध्ये पंडित विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'ला ग्रॅमी मिळालं. १९९२ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या एका चर्चमध्ये ते ध्वनिमुद्रित झालं. वाजवायला बसण्याच्या तासभर आधीपर्यंत दोघांची भेटही नव्हती. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी, आणि दुंबेक या तालवाद्यावर कूडरचा किशोरवयीन मुलगा जोआकिम. ध्वनिमुद्रक कवीचंद्रन अलेक्झांडर यांचा हट्ट होता की वाद्यं जिथे वाजतात त्या जागेसकट ती ऐकू यावीत. म्हणून व्हॉल्व्हवर चालणारी जुन्या पद्धतीची यंत्रं, मोजके माइक, एका वेळी सगळ्यांनी एकत्र वाजवायचं. प्रत्येक वाद्य वेगळ्या मार्गावर घेऊन नंतर जुळवायचं, हा प्रकार नाही. परिणाम हेडफोन लावून ऐकावा. भट्टजींच्या मोहनवीणेची तार छेडल्यावर चर्चच्या भिंतींपर्यंत जाऊन येणारा आवाज स्पष्ट कळतो. भट्टजींची मींड संपता संपता कूडर बाटलीच्या मानेसारखी काचेची नळी तारेवर सरकवतो आणि दोन वेगळ्या देशांतल्या सरकत्या स्वरांची ओळख पटते. यात राग पूर्णपणे मांडलेला नाही, तसा दावाही नाही. पण हे काम ध्वनिमुद्रिका म्हणून पुरस्काराच्या लायकीचं आहे, कारण त्यातला ध्वनिमुद्रक हा तिसरा कलाकार आहे.

मला त्याहून मोठा वाटणारा प्रसंग २०१३ चा आहे. रविशंकरांचा 'द लिव्हिंग रूम सेशन्स, भाग १'. २०११ च्या ऑक्टोबरात, कॅलिफोर्नियातल्या एन्सिनीटास गावी, स्वतःच्या घराच्या दिवाणखान्यात, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्यांनी हे वाजवलं. तबल्यावर तन्मय बोस. मालगुंजी, खमाज, केदार, आणि सत्यजित राय यांच्या स्मरणार्थ रचलेला राग सत्यजित. ११ डिसेंबर २०१२ रोजी पंडितजी गेले आणि दोन महिन्यांनी हा अल्बम जिंकला. त्या वर्षी त्याच विभागात त्यांची मुलगी अनुष्का शंकर हिच्या 'ट्रॅव्हलर'लाही नामांकन होतं.

हा अल्बम ऐकताना आधी ऐकू येते ती तयारीची उतरण. तिशी-चाळिशीतल्या रविशंकरांचा झाला, तिहाया, लयीचा तो धबधबा इथे नाही. बोटं मोजून वापरलेली आहेत. पण मालगुंजीत खमाज आणि बागेश्री यांच्या मधली वाट ते ज्या सावकाशीने चालतात, ती सावकाशी तरुणपणी शक्य नव्हती. दोन स्वरांमधल्या शांततेला ते घाबरत नाहीत. तन्मय बोस यांनी इथे केलेली साथ कोणत्याही तबल्याच्या विद्यार्थ्याने पुन्हा पुन्हा ऐकावी. आपलं कौशल्य दाखवण्याची एकही संधी ते घेत नाहीत, ठेका पंडितजींच्या श्वासाबरोबर सैल आणि घट्ट होत राहतो. स्टुडिओत तास मोजून हे घडलं नसतं. घरात, सवयीच्या जागी बसून घडलं. भारतीय अभिजात संगीताच्या ज्या ध्वनिमुद्रिकांना ग्रॅमी मिळालं, त्यांत शुद्ध रागसंगीत म्हणून मी या अल्बमला आणि २००२ मध्ये जिंकलेल्या 'फुल सर्कल : कार्नेगी हॉल २०००' ला सगळ्यांत वर ठेवतो. 'फुल सर्कल'मध्ये कौशी कानडा आहे, तो मैफिलीतला आहे आणि त्यात समोर बसलेल्या श्रोत्यांचं बळ आहे. दोन्हींत निवड करायला सांगितली तर मी दिवाणखान्यातल्या मालगुंजीच्या बाजूने उभा राहीन.

४ फेब्रुवारी २०२४ चा सोहळा आपल्याकडे सगळ्यांत गाजला. झाकिर हुसेन यांना एका रात्रीत तीन पुतळे, बासरीवादक राकेश चौरसिया यांना दोन. 'शक्ती'चा 'धिस मोमेंट' हा ग्लोबल विभागात सर्वोत्तम अल्बम ठरला. जॉन मॅकलॉफ्लिन, झाकिरभाई, शंकर महादेवन, व्ही. सेल्वगणेश, गणेश राजगोपालन. १९७७ च्या 'नॅचरल एलिमेंट्स'नंतरचा हा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम. चेंबूरमध्ये वाढलेल्या, श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेल्या शंकर महादेवन यांचा आवाज त्यात 'गिरिराज सुधा' या त्यागराजांच्या कृतीत ऐकू येतो. मराठी श्रोत्याला तो 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटापासून घरचा आहे. अल्बम चैतन्याने भरलेला आहे. माझी तक्रार एकच आहे आणि ती ध्वनीची आहे : सगळं इतकं चकाकतं की वाद्यांमधली हवा उरत नाही. सेल्वगणेशच्या खंजिरीची चामड्याची ऊब मैफिलीत जशी पोहोचते, तशी इथे पोहोचत नाही.

त्याच रात्री जिंकलेला 'अ‍ॅज वुई स्पीक' मला अधिक मोलाचा वाटतो आणि त्यावर आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं. बेला फ्लेकचं बँजो, एडगर मेयरचा डबल बास, झाकिरभाईंचा तबला, राकेशजींची बासरी. त्यातल्या 'पश्तो' या रचनेला ग्लोबल सादरीकरणाचा, तर अल्बमला समकालीन वाद्यसंगीताचा पुरस्कार मिळाला. पश्तो हे आपल्या सात मात्रांच्या ठेक्याचं नाव. मेयर गजाने बास वाजवतात तेव्हा त्या खर्जात आपल्या कानाला सुरबहाराची आठवण येते. बासरी त्यावरून जाते, आणि बँजोसारखं तुटक स्वरांचं वाद्य तबल्याच्या इतकं जवळचं आहे हे पहिल्यांदा उमगतं. चौघांपैकी कोणी कोणाला साथ करत नाही, चौघेही रचनेचे धनी आहेत. हे खऱ्या अर्थाने चेंबर म्युझिक आहे. १९६८ ची मोजपट्टी लावली असती, तर हा अल्बम त्या विभागातही मानाने उभा राहिला असता. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाकिरभाई गेले. त्यांचं वादन मागे पुष्कळ आहे, पण ध्वनिमुद्रिका म्हणून विचार करून, दम धरून केलेलं शेवटच्या वर्षांतलं काम हवं असेल तर हे ऐकावं.

२०२५ मध्ये अनुष्का शंकरच्या 'चॅप्टर २ : हाउ डार्क इट इज बिफोर डॉन'ला 'न्यू एज' विभागात नामांकन मिळालं. त्यातला सतारीचा स्वर सुंदर आहे, वातावरण हळवं आहे. पण त्यात रागाची मांडणी शोधू नये, ती त्यांनी केलेलीच नाही. मुंबईत जन्मलेली, किशोरीताई आमोणकरांकडेही शिकलेली फाल्गुनी शाह हिला २०२२ मध्ये पुरस्कार मिळाला तो बालसंगीताच्या अल्बमसाठी. मथळ्यांत हे सगळं 'भारतीय संगीताचा गौरव' म्हणून येतं. विलंबित ख्यालाला, धृपदाच्या आलापाला, ठुमरीला मात्र या मथळ्यांतून काही मिळत नाही. आशा भोसले आणि उस्ताद अली अकबर खाँ यांच्या 'लेगसी'ला १९९७ मध्ये नामांकन मिळालं होतं. त्यात मैहर घराण्याच्या बंदिशी आशाबाईंच्या गळ्यातून येतात आणि त्यांच्या आवाजाची एक वेगळीच, संथ, शिकाऊ वृत्तीची बाजू दिसते. ग्रॅमीच्या उंबरठ्यापर्यंत गेलेली बंदिशींची ध्वनिमुद्रिका म्हणून मला ती फार प्रिय आहे. किती मराठी घरांत ती ऐकली गेली?

आता आपल्या घरात पाहू. गौहर जान यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात गायलं तेव्हा शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलं, कारण तबकडी छापायची ती जर्मनीत हॅनोव्हरला आणि तिथल्या माणसाला गायिका कोण ते कळायला हवं. त्या काळच्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटं मिळत. अल्लादियाखाँसाहेबांचं गाणं तबकडीवर आलंच नाही, भास्करबुवा बखल्यांचंही नाही. त्यांच्याविषयी आपण आठवणी वाचतो, गाणं ऐकू शकत नाही. अब्दुल करीमखाँसाहेबांचं ऐकू शकतो. दोन घराण्यांच्या इतिहासातला एवढा मोठा फरक केवळ ध्वनिमुद्रणामुळे पडला.

पुढे एलपी आली, बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. उस्ताद अमीरखाँ यांची १९६० ची एलपी घ्या, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मैफिलीत खाँसाहेब मारव्याला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ देत असतील. एलपीसाठी त्यांनी राग कापला नाही, नव्याने रचला. झूमऱ्याच्या विलंबित लयीत एकही आवर्तन भरतीचं नाही. किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची एलपी तशीच. 'सहेला रे' आज प्रत्येक गायनवर्गात गायलं जातं ते त्या तबकडीमुळे. प्रभाताई अत्रे यांच्या मारुबिहाग आणि कलावतीच्या एलपीने एका पिढीला सरगम कशी लडिवाळ असू शकते ते दाखवलं. जी. एन. जोशी, आधी भावगीत-गायक आणि मग एचएमव्हीतले ध्वनिमुद्रणाचे जाणकार, यांनी कितीतरी कलाकारांना स्टुडिओत आणलं, त्यांच्या कलाने घेतलं, आणि १९६७ मध्ये 'कॉल ऑफ द व्हॅली'सारखी ध्वनिमुद्रिका घडवली. त्यांचं 'स्वरगंगेच्या तीरी' वाचलं की कळतं, चांगल्या तबकडीमागे एक कान असतो आणि तो कलाकाराचा नसतो.

तो कान आज कुठे आहे? सीडीच्या काळात इंग्लंडच्या निंबस कंपनीने हरिप्रसाद चौरसियांच्या ललतला, रामनारायणांच्या सारंगीला एकेक अख्खी सीडी दिली. आपल्याकडे पुण्यात अलूरकर म्युझिक हाउसने कॅसेटवर शास्त्रीय गायन जपलं, मुंबईत काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभं राहून ऐकून सीडी घेता येई. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. शुभा मुद्गल आणि अनिश प्रधान यांनी 'अंडरस्कोर रेकॉर्ड्‌स' काढून कलाकाराला स्वतःचं ध्वनिमुद्रण स्वतः विकण्याची वाट दाखवली. ती वाट मोठी झाली नाही. मोबाइलवर आज सगळं मिळतं, पण ज्या ॲपवर आपण ऐकतो तिथे बहुधा गायकाचं नाव, रागाचं नाव आणि एक चित्र असतं. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तानपुऱ्यावर कोणत्या शिष्या, बंदिश कोणाची, मैफल कुठली, कधीची, हे शोधूनही सापडत नाही. १९०२ मध्ये गायिकेचं नाव तरी तबकडीवर होतं. सव्वाशे वर्षांनी आपल्या तबलावादकाचं नाव नाही, आणि याचा राग यायला हवा तेवढा आपल्याला येत नाही.

ध्वनीचंही तेच. अलीकडच्या पुष्कळ ध्वनिमुद्रणांत तबला गायकाच्या पुढे येऊन बसतो, आवाजावर सभागृहाचा घुमारा वरून चढवलेला असतो, आणि तानपुऱ्याऐवजी यंत्राचा सपाट षड्ज भरून राहतो. खऱ्या तानपुऱ्यातून निघणारा स्वयंभू गंधार त्यात नसतो, आणि गायक ज्या गंधाराला टेकून सूर लावतो तो आधारच श्रोत्याला मिळत नाही. स्वर दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर आता सहज हाताशी आहेत. एखादी मींड यंत्राने सरळ केली असेल, तर ती ध्वनिमुद्रिका पुरस्काराच्या विचारात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मींडेतली किंचित डळमळ हा गायकाच्या क्षणाचा पुरावा आहे.

अलीकडच्या काळात बाहेर आलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी एखादी मी आज कोणत्याही परीक्षकापुढे ठेवीन, तर ती उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांची. १९८६ मध्ये सिएटलला झालेल्या त्यांच्या रुद्रवीणेच्या मैफिली परदेशातल्या 'आयडिओलॉजिक ऑर्गन' या छोट्या कंपनीने अलीकडच्या वर्षांत तबकड्यांवर आणल्या. एकीत यमन, दुसरीत आभोगी आणि वर्धनी. पखवाजावर पंडित माणिक मुंडे. हे डागरसाहेब पनवेलजवळच्या पळस्प्याचे, तिथे त्यांनी गुरुकुल उभारलं आणि त्यांचे चिरंजीव बहाउद्दीन आज तीच वीणा पुढे नेत आहेत. यमन आपण सगळ्यांनी शाळेत असल्यापासून ऐकलेला. या आलापात निषाद कधी येणार याची वाट पाहावी लागते, आणि तो आल्यावर खर्जाच्या तारेतून इतका खोल उतरतो की आपण ऐकत होतो तो यमन होता का असं वाटावं. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, त्यात तारेचा घसारा आहे, वादकाच्या बोटांचा आवाज आहे, आणि कुठेही लगबग नाही. मुंबईपासून दीड-दोन तासांवर राहिलेल्या कलावंताचं हे काम जगापुढे परदेशी कंपनीने आणलं. आपल्या वर्तमानपत्रांत त्याचा साधा परिचयही मला आढळला नाही.

अशा मैफिली आपल्याकडेही पडून आहेत. १९६९ पासूनच्या एनसीपीएच्या संग्रहात, आकाशवाणीत, संगीत मंडळांच्या कपाटांत, आणि जाणकार श्रोत्यांच्या घरांत. 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही मुंबईची संस्था १९९० पासून जुन्या तबकड्यांची नोंद ठेवते आहे, तिचं काम मोठं आहे आणि ते पदराला खार लावून चालतं. चैतन्य ताम्हाणेच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटात नायक रात्री मोटारसायकलवरून जाताना कानाला लावून एका गुरूची दुर्मीळ ध्वनिमुद्रित भाषणं ऐकतो. आपल्या संगीतात ध्वनिमुद्रणाला किती ओढ आहे, ते त्या प्रसंगांत दिसतं. या ओढीला संस्थांनी उत्तर दिलेलं नाही.

साहित्य अकादमी पुस्तकाला पुरस्कार देते. महाराष्ट्र शासनाचे वाङ्मय पुरस्कार पुस्तकांना असतात, नवोदिताच्या पहिल्या पुस्तकालाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार त्या वर्षीच्या चित्रपटाला मिळतो, त्यात ध्वनिलेखकाचा वेगळा सन्मान असतो. दिवाळी अंकांनाही पुरस्कार आहेत. संगीतात मात्र संगीत नाटक अकादमीचा सन्मान कलाकाराला, पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाचा राज्य शासनाचा पुरस्कार जीवनगौरवाचा, मंडळांचे पुरस्कारही व्यक्तीलाच. मी यांतल्या कोणत्याही पुरस्काराच्या विरोधात नाही. पण जीवनगौरव मिळतो तेव्हा गळा थकलेला असतो. पस्तिशीतल्या गायिकेने पदरचे पैसे घालून, चांगले तानपुरे लावून, जाणत्या ध्वनिमुद्रकाकडे बसून एक जौनपुरी ध्वनिमुद्रित केली, तर ती कोणी ऐकून, तोलून, तिच्याविषयी चार शब्द लिहून तिला सांगावं की हे काम टिकेल, अशी जागाच आपण ठेवलेली नाही. मग ती पुढचा राग ध्वनिमुद्रित करण्याऐवजी अर्ध्या मिनिटाची तान मोबाइलवर टाकते. तिला दोष कसा द्यायचा?

म्हणून माझी विनंती राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाला आणि आर्य संगीत प्रसारक मंडळासारख्या, ज्यांच्या शब्दाला श्रोते मान देतात अशा संस्थांना आहे. दरवर्षी त्या वर्षातल्या एका शास्त्रीय ध्वनिमुद्रिकेला पुरस्कार द्या. परीक्षकांत एक गायक किंवा वादक, एक ध्वनिमुद्रक आणि एक समीक्षक असावा. त्यांनी ती अखंड ऐकावी आणि आपला निर्णय कारणांसह छापावा. जमलं तर जुन्या संग्रहातून बाहेर काढलेल्या एका मैफिलीलाही जागा ठेवा, म्हणजे कपाटं उघडतील. ज्या ध्वनिमुद्रिकेवर साथीदारांची, बंदिशकाराची आणि ध्वनिमुद्रकाची नावं नाहीत, ती विचारात घेऊ नका, आपोआप नावं छापली जाऊ लागतील. सुरुवातीला रक्कम छोटी असली तरी चालेल. फक्त मानपत्रावर गायकाच्या नावाखाली तबलावादकाचं, पेटीवादकाचं आणि ध्वनिमुद्रकाचं नाव त्याच आकाराच्या अक्षरांत असू द्या.